दुसऱ्या अल्बमचा पंचनामा

२०१८ च्या दिवाळीत एका लहानशा दिवाळी अंकात माझा एक लेख छापून आला. ‘द लोकल ट्रेन’ या दिल्लीच्या बँडचा दुसरा अल्बम ‘वाकिफ’ त्याच वर्षी आला होता, आणि आमच्या खंडाळा तालुक्यातल्या श्रोत्यांना तो कसा वाटला, हा लेखाचा विषय. लेखाचा सगळा ऐवज एवढाच होता: पहिला अल्बम भारी, दुसरा फसला, आणि हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. यातला शेवटचा भाग खोटा होता. लोक तसं म्हणत नव्हते. मी ते त्यांच्या तोंडी घातलं होतं, आणि घालताना आपण काही गैर करतोय असं मला जराही वाटलं नव्हतं.

आधी खंडाळ्याचा खुलासा करायला हवा, कारण तो करण्यात माझं अर्धं कॉलेज गेलं. धुकं, धबधबे आणि चिक्की असलेला लोणावळ्याशेजारचा खंडाळा तो हा नव्हे. १९९८ च्या ‘गुलाम’मधल्या आमीर खानच्या गाण्याने आमच्या गावाचं नाव भारतभर केलं, पण भलत्याच गावाच्या पत्त्यावर. आमचा खंडाळा सातारा जिल्ह्यातला, पुणे-बेंगळुरू हायवेवरचा, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी. एका अंगाला शिरवळची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला लोणंदचा कांदा, हद्दीवर नीरा नदी आणि वीर धरण. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव आमच्याच तालुक्यात. गाण्याबजावण्याचं म्हणाल तर भजनी मंडळं, जत्रेतला तमाशा, लग्नातली बँजो पार्टी, गणपतीतला डीजे, आणि आषाढात माउलींची पालखी लोणंदला आली की टाळमृदंग. इथे आल्टरनेटिव्ह रॉक कोण ऐकतं, असं संपादकांनी विचारलं. तेच शोधतो की, मी म्हणालो. मला तो विषय फार चमकदार वाटला. गावाकडे रॉक म्हटल्यावर शहरातला वाचक थांबून वाचणार, हा हिशेब त्यात होताच.

ऐकणारे होते आणि बरेच होते. पहिला अल्बम ‘आलस का पेड’ २०१५ चा. मी तेव्हा पुण्यात डिप्लोमा करत होतो. इंटरनेटचा पॅक महिनाभर पुरवून वापरायचा काळ. रूमवरच्या कुणीतरी गाणी उतरवायची, मग शेअरइटने ती सगळ्या मजल्यावर पसरायची. शनिवारी एसटीने गावी आलो की माझ्या मोबाइलमधून ती खंडाळ्यात उतरायची. मेमरी कार्ड लहान, त्यामुळे निवडून ठेवलेली गाणीच पुन्हा पुन्हा वाजायची. ‘छू लो’ आणि ‘आओगे तुम कभी’ आम्ही इतक्यांदा ऐकली की मधल्या गिटारचा तुकडा तोंडाने वाजवता यायचा. हिंदी सोपं, चाल लगेच ओठांवर येणारी, आणि गिटार असूनही हिंदी, याचं आम्हाला अप्रूप. इंग्रजी रॉक ऐकणारी मुलं वर्गात वेगळ्या बाकावर बसायची. हे गाणं आमच्या बाकावर आलं होतं.

‘वाकिफ’ आला तोवर मी शिरवळच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागलो होतो. हे मुद्दाम सांगतोय. लॉटमधून नग कसे उचलायचे, एकाच पेटीतले वरवरचे चार नग बघून लॉट पास करायचा नाही, गेज कॅलिब्रेट आहे का ते आधी बघायचं, ही माझी रोजची भाकरी. आणि श्रोत्यांची मतं गोळा करताना मी यातलं काहीही पाळलं नाही.

माझं मत आधीच ठरलेलं होतं. मी ‘वाकिफ’ एकदा ऐकला, कंपनीच्या बसमध्ये, सेकंड शिफ्टवरून येताना, अर्धवट झोपेत. गाणी जड वाटली. शब्दही जरा उर्दूकडे झुकलेले. ‘गुस्ताख’, ‘दिलनवाज’, ‘मिजाज’ ही नावंच बघा. शिरवळ ते खंडाळा एवढ्या अंतरात मी निकाल दिला आणि पुढचे काही आठवडे त्या निकालाला साक्षीदार शोधत फिरलो.

प्रश्न मी असा विचारायचो: “पहिल्यासारखा नाही ना जमला दुसरा?”

आता या प्रश्नाला आमच्याकडचा माणूस काय उत्तर देणार? समोरचा हातात वही घेऊन आलाय, चहाही पाजतोय, त्याला काय ऐकायचंय ते चेहऱ्यावर दिसतंय. “न्हाय बा, तसा न्हाय जमला,” तो म्हणणार. तसंच झालं. वहीत मी ‘नापसंत’ अशी खूण करायचो आणि पुढच्याकडे वळायचो. कुणी “म्हंजी कसा?” असं उलट विचारलं की मीच समजावून सांगायचो, गाणी कशी जड झालीत, पहिल्या अल्बममधला निरागसपणा कसा गेला. ऐकून तो मान हलवायचा. ती मानसुद्धा मी मोजली.

ज्यांनी ‘वाकिफ’ ऐकलाच नव्हता त्यांना मी जागेवर ऐकवत होतो. कुठे, तर पारगावजवळच्या चहाच्या टपरीवर, मोबाइलच्या स्पीकरवर. तिथे घाट चढायच्या आधी ट्रकवाले गिअर टाकतात; तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला तो खर्ज काढताच येत नाही. खालचं सगळं गळून जातं आणि उरतो वरचा चिरका भाग. ऐकणाऱ्यांनी तोंडं वाकडी केली. ती बरोबरच वाकडी केली, पण माझ्या मोबाइलकडे बघून. लेखात मात्र मी ऐटीत लिहिलं की ‘दुसऱ्या अल्बमचं ध्वनिमुद्रण श्रोत्यांना कर्कश वाटतं’. पहिला अल्बम याच लोकांनी कानात हेडफोन घालून, गादीवर पडून ऐकला होता. एका नगाला एक गेज आणि दुसऱ्याला दुसरं, असं कारखान्यात केलं असतं तर त्याच दिवशी मेमो हातात पडला असता.

आवडलं असं सांगणारे अजिबात भेटले नाहीत असं नाही. भेटले, आणि मी त्यांना वगळलं. आमच्या लाइनवर नायगावच्या बाजूच्या एक ताई होत्या. बसमध्ये इअरफोन लावून बसायच्या. त्यांना मी हा अल्बम पाठवला आणि आठवड्याने विचारलं. ‘दिलनवाज’ रोज ऐकते म्हणाल्या, येता-जाता. मी विचारलं, “पहिल्यापेक्षा?” “पहिला कुठला?” त्यांनी विचारलं. मी वही मिटली. पहिला ऐकलाच नाही तर यांचं मत कसं धरायचं, असा माझा शहाणपणा. लोणंदकडचे एक मामा बँजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतात. त्यांनाही पहिला माहीत नव्हता. त्यांनी डोळे मिटून दोन गाणी ऐकली आणि ड्रम वाजवणाऱ्याबद्दल बरंच बोलले: हा हात राखून वाजवतो, गाणाऱ्याला जागा देतो, आमची पोरं सुरू झाली की नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत दम घेत नाहीत. ते मी लिहून घेतलं, कारण ऐकायला मजा आली. पण लेखात घेतलं नाही. ‘विषयाला सोडून’ असा शेरा मारून ठेवला.

आज बघतो तेव्हा कळतं की दुसऱ्या अल्बमबद्दल खरोखर बोलणारे तेवढेच होते. बाकी आम्ही सगळे पहिल्याबद्दल बोलत होतो. हॉस्टेल, बॅकलॉग, जमलेली आणि न जमलेली प्रकरणं, रात्री दोन वाजता स्वारगेटला खाल्लेली भुर्जी हे सगळं ‘छू लो’ला चिकटलेलं होतं. ‘वाकिफ’ला अजून काहीच चिकटलं नव्हतं, कारण तो येऊन वर्षही झालं नव्हतं.

शिवाय मधे जिओ आलं होतं, सप्टेंबर २०१६ मध्ये. याचा या प्रकरणाशी संबंध आहे हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. पहिला अल्बम माणसाकडून माणसाकडे आला. देणारा समोर बसून ‘हे ऐक, आता गिटार येईल बघ’ म्हणत द्यायचा, आणि घेणाऱ्याला कार्डातलं काहीतरी पुसून त्याला जागा करावी लागायची. दुसरा अल्बम एका लिंकमधून आला. एकदा वाजला, मधे दोन जाहिराती आल्या, आणि संपल्यावर यूट्यूबने आपल्या मनाने भलतंच काही लावलं. तो चांगला की वाईट हे ठरवायला लागतं तेवढं कुणी ऐकलंच नव्हतं. एखादी चाल नुसती कानावरून पुन्हा पुन्हा गेली तरी ती आवडायला लागते. रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये हा परिणाम प्रयोगांनी मांडला होता. आम्हाला त्याची गरज नव्हती. गणपतीच्या दहा दिवसांत नावडतं गाणं विसर्जनापर्यंत आवडायला लागतं हे मंडळातल्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा.

लेख वजनदार व्हावा म्हणून मी परदेशातला दाखला दिला होता. ‘वीझर’ या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम १९९४ मध्ये गाजला आणि दुसरा, ‘पिंकर्टन’, १९९६ मध्ये आपटला. ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी त्याला त्या वर्षातल्या सगळ्यात वाईट अल्बमांत बसवलं. एवढं लिहून मी निष्कर्ष काढला की दुसऱ्या अल्बमला शापच असतो. याच गोष्टीचा पुढचा भाग असा की काही वर्षांनी तोच ‘पिंकर्टन’ लोकांनी डोक्यावर घेतला, पुढच्या पिढीतल्या कितीतरी बँडांनी त्याला गुरू मानलं, आणि ‘रोलिंग स्टोन’नेच नंतर त्याला पैकीच्या पैकी तारे दिले. हा भाग मला माहीत नव्हता असं म्हणायची सोय होती. पण तो मला माहीत होता. तो घातला तर लेख उलटा होतोय हे दिसल्यावर शब्दमर्यादेचं कारण मी स्वतःलाच दिलं. ‘निर्वाणा’चा ‘नेव्हरमाइंड’ हा दुसरा अल्बम, रेडिओहेडचा ‘द बेंड्स’ही दुसराच, त्यांचं तर नावही काढलं नाही. आमच्या कारखान्यात एक सीनियर आहेत, मुंबईत वाढलेले, विशाल ददलानीच्या ‘पेंटाग्राम’चे जुने श्रोते. त्यांनी सांगितलं होतं की २००२ साली ‘पेंटाग्राम’चा दुसरा अल्बम ‘अप’ आला, त्यात गिटारच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक आवाज घेतले, तेव्हा आपण मित्रांबरोबर नाकं मुरडली आणि नंतर गुपचूप तोच जास्त ऐकला. हे वाक्य लेखात असायला हवं होतं. ‘गुपचूप’ या शब्दात जेवढं होतं तेवढं माझ्या सगळ्या लेखात नव्हतं.

हे सगळं एक वेळ हलगर्जीपणात जमा करता येईल. पुढचं करता येणार नाही.

माझा मावसभाऊ टेम्पो चालवतो. लोणंदहून कांदा भरून कधी पुणे, कधी कोल्हापूर. त्याचं मत मी घेतलं ते असं: “बरा हाय की. पर घाटात लावायला न्हाय. घाटात पहिलाच.” लेखात ते असं छापलं: ‘व्यवसायाने वाहनचालक असलेल्या एका श्रोत्याच्या मते, दुसऱ्या अल्बममध्ये प्रवासाची ती ऊर्जा हरवली आहे.’ मला वाटलं, मी त्याच्या बोलण्याला उंची दिली. अंक त्याच्या हातात पडला तेव्हा त्याचा फोन आला.

“भावा, ह्यो वाहनचालक म्हंजी मीच ना?”

“हो.”

“मी असलं कवा बोललो रं? मी बरा हाय म्हनलो हुतो.”

मी म्हणालो, अर्थ तोच आहे, फक्त भाषा लेखाची आहे. तो गप्प राहिला. मग म्हणाला, “तुला माझं बोलणं छापायची लाज वाटली व्हय?” आणि फोन ठेवला. भांडण झालं नाही. भाऊबीजेला आला, जेवला. पण नंतर बरेच दिवस मी काहीही विचारलं की तो आधी विचारायचा, “छापणार हायस का?”

खरं तर त्याच्या एका वाक्यात समीक्षा होती. अल्बम बरा आहे, पण तो घाटासाठी नाही. म्हणजे कुठे ऐकायचा, कसा ऐकायचा, हा प्रश्न त्याला पडला होता. घाट चढताना ड्रायव्हरला सरळ ठेका लागतो, सोबत गाता येईल असं गाणं लागतं, झोप उडवणारं लागतं. ‘वाकिफ’मधली गाणी बसून ऐकायची आहेत. मला पानभर लिहून जे सांगता आलं नाही ते त्याने गिअरवर हात ठेवून सांगितलं होतं, आणि मी त्याची ‘हरवलेली ऊर्जा’ करून टाकली.

एका ज्युनिअर कॉलेजातल्या हिंदीच्या सरांचंही असंच केलं. त्यांनी पंधरा मिनिटं शब्दांवर बोलून शेवटी एवढंच म्हटलं की एक-दोन ठिकाणी शब्द चालीला जड होतात, एरवी लिहिणाऱ्याला भाषेचा कान आहे. मी ‘जड होतात’ घेतलं आणि कान सोडला. सर काही बोलले नाहीत. पण पुढे एकदा बाजारात भेटले तेव्हा त्यांनी लेखाचा विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. त्यांनी वांगी निवडली, मी कोथिंबिरीचा भाव विचारला, जरी मला कोथिंबीर नको होती.

आता सगळ्यात लाजिरवाणा भाग. लेखानंतर वर्षभराने केव्हा तरी ‘वाकिफ’ मला आवडायला लागला. कसा ते नीट सांगता येत नाही. नाइट शिफ्टला हेडफोन लावून रिपोर्ट भरायचो, त्यात तो लागून राहायचा. ‘गुस्ताख’मधली जी गिटार मला जड वाटली होती तिचीच वाट बघायला लागलो. लॉकडाउनमध्ये तर पहिला अल्बम बाजूला पडला आणि हाच चालू राहिला. हे कुणाला सांगावंसं वाटलं नाही. छापून बसलो होतो ना.

२०२२ मध्ये गायक रमण नेगी बँडमधून बाहेर पडला. आमच्या जुन्या रूमवरच्या सगळ्यांना एकदम उमाळा आला. त्या पावसाळ्यात आम्ही वीर धरणाकडे गेलो होतो. गाडीत ‘वाकिफ’ लावला होता आणि जो तो म्हणत होता की शेवटचा खरा अल्बम हाच. मीही म्हणालो. नुसतं म्हणालो नाही, “मला तर हा पहिल्यापासूनच जास्त आवडायचा” असं म्हणालो. खोटं बोलतोय याची मला त्या क्षणी जाणीवसुद्धा नव्हती. तोवर मला तसंच आठवायला लागलं होतं. मागच्या सीटवर केसुर्डीच्या कंपनीत काम करणारा आमचा एक मित्र होता. माझ्या लेखाचे फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होते, कारण त्यात त्याचंही एक वाक्य होतं, अर्थात मी बदललेलं. त्याने गाणं बंद करायला लावलं आणि लेख मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वर्तमानपत्री आवाजात. ‘निरागसता’ या शब्दाशी तो थांबला, सगळ्यांकडे बघितलं आणि पुन्हा वाचला. धरण येईपर्यंत गाडीत हसणं थांबलं नाही. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार.

त्या रात्री जुनी वही काढली. वही मी ठेवली होती, हेच एक बरं काम केलं होतं, कारण तिच्यात मूळ वाक्यं आहेत. तो अंक आता निघत नाही, दुरुस्ती छापायला जागा नाही. म्हणून ती इथे देतो, यावेळी हात न लावता. नावं कुणाचीच देत नाही; ज्याचं त्याला कळेल.

टेम्पोवाल्या भावाचं वर आलंच आहे. केसुर्डीचा मित्र म्हणाला होता, “मला अजून कळंना. परत ऐकतो, मग सांगतो.” याचं मी ‘संभ्रमात टाकणारा अल्बम’ केलं होतं. त्याने नंतर खरंच परत ऐकला, आणि त्याला तो आजही आवडत नाही. गाणी लांबतात म्हणतो, आणि कुठे लांबतात तेही दाखवतो. नायगावच्या ताई: “दिलनवाज रोज. बाकीची पण ऐकते, पण ते आधी.” हिंदीचे सर: “एक-दोन ठिकाणी शब्द चालीला जड होतात. एरवी लिहिणाऱ्याला भाषेचा कान आहे.” शिरवळच्या गॅरेजमधला पोरगा, ज्याला मी ‘नापसंत’मध्ये टाकलं होतं: “गाणं चालू असताना तूच बोलतोयस, मला ऐकू कुठं येतंय?” आणि ऑक्टोपॅडवाले मामा, दुसरं गाणं संपल्यावर: “वाजवणारा तयारीचा हाय. पुढल्या टायमाला जरा मोठा डबा आण, ह्यात निस्तं च्याँव च्याँव ऐकू येतंय.”